तीन कॅमेऱ्यांवर चित्रित झालेल्या मुलाखतीची रंगजुळणी: एक प्रकरण अभ्यास

एका ज्येष्ठ गायिकेची दीर्घ मुलाखत दोन बैठकांत चित्रित व्हायची होती आणि दोन्ही बैठकांचे फुटेज एकाच कार्यक्रमात, एकमेकांत गुंफून वापरले जाणार होते. ग्रेडिंगचे, म्हणजे फुटेजचे रंग आणि उजळपणा बसवण्याचे, काम माझ्याकडे आले तेव्हा पहिली बैठक पार पडलेली होती आणि दुसरी अजून व्हायची होती. त्यामुळे एकाच प्रकरणात दोन वेगळे प्रश्न समोर आले: जे आधीच चित्रित झाले आहे ते शक्य तितके एकसारखे कसे दिसावे, आणि जे अजून व्हायचे आहे ते मुळातच एकसारखे कसे चित्रित करावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी पहिल्यातूनच मिळाले, म्हणून दोन्हींचा वृत्तान्त त्याच क्रमाने देत आहे.

चित्रीकरणाची जागा म्हणजे एका बाजूने पूर्ण उघडी असलेली प्रशस्त ओसरी. उघड्या बाजूने येणारा आकाशाचा उजेड हाच मुख्य प्रकाश होता. आतल्या बाजूच्या सावल्या फार गडद होऊ नयेत म्हणून पांढऱ्या कापडातून गाळलेला एक एलईडी पॅनेल लावला होता. आणि मागे झाडी व झाडीच्या वर आकाशाचा एक पट्टा दिसत होता. गायिकेच्या खांद्यावर गडद जांभळी रेशमी शाल होती, तर मुलाखतकाराच्या अंगात काळा कोट होता. पुढे कळेल की सर्वांत जास्त वेळ या दोन कपड्यांनीच घेतला.

कॅमेरे तीन कंपन्यांचे होते. गायिकेचा क्लोजअप सोनी एफएक्स६ वर, मुलाखतकाराचा मिडशॉट कॅनन सी७० वर आणि दोघांना एकत्र दाखवणारा वाइड शॉट पॅनासॉनिक एस१एच वर घेतलेला होता. हे तिन्ही कॅमेरे आपापल्या परीने उत्तम आहेत आणि तिन्हींत १० बिटचे (रंगाला अधिक पायऱ्या देणारे) लॉग चित्रण, म्हणजे ग्रेडिंगसाठी जास्तीत जास्त तपशील राखणारे फिके चित्रण, करता येते. अडचण अशी होती की पहिल्या बैठकीत प्रत्येक कॅमेरा त्याच्या त्याच्या कॅमेरामनने आपल्या सवयीप्रमाणे लावला होता. एफएक्स६ वर एस-लॉग३, सी७० वर सी-लॉग२ आणि एस१एच वर मात्र लॉग नव्हे, तर सिनेलाइक डी२ ही तयार चित्रशैली, तीही ८ बिट आणि ४:२:० (रंगाची माहिती कमी साठवणाऱ्या प्रकारा) मध्ये. पहिल्या दोघांचा व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला मानायचे ते ठरवणारी मांडणी) हाताने ठरवलेला होता, पण दोघांचे आकडे वेगळे होते. तिसऱ्याचा ऑटोवर होता. कलर चेकर (ठरावीक रंगांच्या चौकोनांचा तक्ता) किंवा ग्रे कार्ड (तटस्थ करडे कार्ड) कोणीही चित्रित केले नव्हते.

संकलकाने पहिला कच्चा संकलित भाग पाठवला तेव्हा त्याची तक्रार एका वाक्यात होती: प्रत्येक कटला जागा बदलल्यासारखी वाटते. ही तक्रार नेमकी होती. प्रेक्षकाला एस-लॉग आणि सी-लॉग यांतला फरक कळत नाही, पण एकाच ओसरीत बसलेली दोन माणसे कटागणिक वेगळ्या हवेत गेल्यासारखी दिसली की त्याचे लक्ष बोलण्यावरून उडते.

रंगाला हात लावण्यापूर्वी

ग्रेडिंगच्या चाकांना हात लावण्याआधी प्रत्येक फाइलची मूळ माहिती तपासणे हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी टप्पा असतो. येथे त्याने लगेचच एक गोष्ट उघड केली. वाइड शॉट इतर दोघांपेक्षा फारच कर्कश दिसत होता. काळे भाग दाबले गेले होते आणि आकाश कडेपर्यंत फुटले होते. कारण चित्रशैलीत नव्हते. व्हिडिओच्या पातळ्या दोन प्रकारे नोंदवल्या जातात: एका प्रकारात १० बिटच्या मोजपट्टीवर काळा ६४ वर आणि पांढरा ९४० वर असतो, तर दुसऱ्यात ० ते १०२३ ही पूर्ण मोजपट्टी वापरली जाते; ८ बिटमध्ये हेच आकडे १६ ते २३५ आणि ० ते २५५ असे होतात. तिसऱ्या कॅमेऱ्याने पूर्ण मोजपट्टी वापरली होती, पण संकलनासाठी हलक्या फाइली बनवताना ती खूण गळून गेली होती आणि सॉफ्टवेअर त्या चित्राला मर्यादित पातळीचे समजून दोन्ही टोकांना कापत होते. मूळ फाइली पुन्हा जोडून क्लिपच्या गुणधर्मांत पातळी 'फुल' केल्याबरोबर सावल्यांतले तपशील परत आले आणि निम्मी कर्कशता नाहीशी झाली. हेच काम कर्व्ह (उजळपणाची वक्ररेषा) वाकवून केले असते तर चित्र वरवर जवळ आले असते, पण कापली गेलेली माहिती परत आली नसती.

त्यानंतर मॉनिटर तपासला. बीटी.१८८६ या मॉनिटरच्या मानकाप्रमाणे २.४ गॅमा, डी६५ हा प्रमाण पांढरा आणि १०० निट्सची कमाल प्रखरता, अंधूक खोली, भिंत करडी. जुळणीच्या कामात हे विशेष महत्त्वाचे, कारण येथे एकेका छटेचा निवाडा करायचा असतो आणि डोळा फार लवकर सरावतो. हिरवट झाक असलेले चित्र काही मिनिटे पाहत राहिले की ते निर्मळ वाटू लागते. म्हणून काम करताना अधूनमधून पडद्यावर नुसता मध्यम करडा रंग आणून नजर पूर्वपदावर आणण्याची शिस्त मी पाळतो.

लॉग म्हणजे लॉग नव्हे

एफएक्स६ आणि सी७० दोन्ही 'लॉग'मध्ये आहेत म्हणजे ते एकमेकांशी बरेचसे जुळलेच, असा समज पहिल्या बैठकीच्या चमूत होता. तसे नसते. प्रत्येक कंपनीचा लॉग गॅमा प्रकाशाच्या पातळ्या आपल्या पद्धतीने आकड्यांवर बसवतो. १८ टक्के परावर्तनाचा करडा रंग एस-लॉग३ मध्ये ४१ टक्क्यांवर, सी-लॉग२ मध्ये सुमारे ३९ वर, सी-लॉग३ मध्ये सुमारे ३४ वर आणि पॅनासॉनिकच्या व्ही-लॉगमध्ये ४२ वर येतो. शिवाय लॉगबरोबर प्रत्येकाचा गॅमटही (नोंदवता येणाऱ्या रंगांचा आवाका) वेगळा असतो. म्हणजे एफएक्स६ च्या एस-गॅमट३.सिनेमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांचे जे मूळ बिंदू आहेत ते कॅननच्या सिनेमा गॅमटमध्ये नाहीत. दोन फाइलींत लाल घटकाचा आकडा अगदी सारखा असला तरी त्याचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा होतो.

म्हणूनच नुसते लिफ्ट, गामा आणि गेन (सावल्या, मध्यम आणि उजळ भागांची नियंत्रणे) फिरवून असे दोन कॅमेरे जुळवण्याचा प्रयत्न सहसा अपुरा पडतो. करडा जुळतो तेव्हा त्वचा सरकते, त्वचा जुळते तेव्हा झाडे सरकतात. दाविंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कॅमेऱ्यांना कलर स्पेस ट्रान्सफॉर्मने दाविंची वाइड गॅमट आणि इंटरमीडिएट या एका सामाईक अवकाशात आणले, आणि ग्रेडिंगचे सर्व नोड (दुरुस्तीचे टप्पे) त्यानंतर, रेक.७०९ या टीव्हीच्या रंगमानकात उतरवण्यापूर्वी ठेवले. एसेस ही दुसरी रंगव्यवस्था वापरणाऱ्यांनी हेच काम एसेस-सीसीटीमध्ये केले असते. तत्त्व एकच आहे. कंपनीने जाहीर केलेले गणित वापरून प्रत्येक चित्र आधी प्रकाशाच्या भाषेत उलगडायचे आणि मग सर्वांना एका लिपीत लिहायचे.

हे झाल्यावर क्लोजअप आणि मिडशॉट (पुढे दोन्हींना क्लोजअपच म्हटले आहे) अर्ध्याहून अधिक जवळ आले, आणि उरलेला फरक काय आहे ते प्रथमच स्पष्ट दिसले: एक्स्पोजरमध्ये एक स्टॉपपेक्षा (प्रकाश दुप्पट वा निम्मा होणे म्हणजे एक स्टॉप) थोडा कमी फरक, आणि व्हाइट बॅलन्समध्ये निळ्या-पिवळ्यापेक्षा हिरव्या-किरमिजी अक्षावरचा फरक जास्त. व्हाइट बॅलन्सचा केल्विनमधला आकडा हिरवट-किरमिजी झाकेबद्दल काहीच सांगत नाही, त्यामुळे दोन कॅमेऱ्यांवर ५६०० लावले तरी त्यांचा पांढरा एक असेलच असे नाही.

ग्रे कार्ड नसल्यामुळे आधार शोधावा लागला. मुलाखतकाराच्या हातातला कागद तिन्ही चौकटींत दिसत होता आणि सहायकाने सहजच त्यावर पिकर (रंगाचा नमुना घेणारे साधन) टेकवला, पण छपाईच्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी प्रतिदीप्त द्रव्ये असतात; दिवसाच्या उजेडातली अतिनील किरणे शोषून ती निळा प्रकाश परत देतात. अशा कागदाला करडा मानले तर सारे चित्र पिवळट होते. त्यापेक्षा ओसरीचा फिक्या रंगाचा खांब बरा होता. तोही तटस्थ करडा होता असे म्हणता येणार नाही, पण तिन्ही कॅमेऱ्यांसमोर तो एकच खांब होता आणि त्याची आकाशाकडची बाजू तिघांनाही दिसत होती. जुळणीला आधार अचूक पांढरा असण्यापेक्षा सामाईक असणे अधिक गरजेचे असते.

त्वचा, आणि प्रकाशाचा हक्क

खांबावरून एक्स्पोजर आणि पांढरा बसवल्यावर चेहऱ्यांकडे वळलो. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगाची दिशा आणि संपृक्तता दाखवणाऱ्या गोल आलेखावर, सुमारे १२३ अंशांच्या दिशेने जी त्वचेची रेषा काढलेली असते तिच्या जवळपास बहुतेक माणसांची त्वचा पडते, मग ती गोरी असो वा सावळी. कारण त्वचेच्या छटेतला मोठा वाटा रक्ताचा आणि मेलॅनिनचा असतो आणि माणसामाणसांतला फरक प्रामुख्याने उजळपणाचा व संपृक्ततेचा असतो. ही रेषा वाट दाखवते, पण तिच्यावरच चेहरा नेऊन बसवण्याचा आग्रह धरू नये, हे या प्रकरणात ठळकपणे दिसले.

एफएक्स६ गायिकेला आकाशाच्या बाजूने पाहत होता. सी७० मुलाखतकाराला ज्या बाजूने पाहत होता त्या बाजूला एलईडीचा उजेड आणि झाडीवरून परतलेला हिरवट उजेड मिसळत होता. साहजिकच मुलाखतकाराच्या गालावर आणि हनुवटीखाली किंचित हिरवी झाक होती. सहायकाने ती रेषेवर आणून स्वच्छ केली तेव्हा चेहरा कार्यालयात काढलेल्या छायाचित्रासारखा सपाट झाला आणि मागची झाडे मात्र हिरवीच राहिली. आता चेहरा आणि पार्श्वभूमी यांचेच एकमेकांशी पटेना. ती झाक कॅमेऱ्याची चूक नव्हती. त्या खुर्चीत बसलेल्या माणसावर खरोखर तसाच प्रकाश पडत होता.

या कामातली माझी भूमिका येथे स्पष्ट करतो. जुळणी म्हणजे कॅमेऱ्यांमुळे आलेला फरक काढून टाकणे. प्रकाशामुळे आलेला फरक जपायचा असतो. दोन्ही फरक पडद्यावर एकाच रूपात येतात आणि त्यांना वेगळे ओळखता येणे हेच कौशल्य आहे. ओळखण्याची एक सोपी कसोटी अशी की, झाक चेहऱ्याच्या उजळ व सावलीच्या दोन्ही बाजूंवर, खांबावर आणि कपड्यावर सारखीच असेल तर ती बहुधा कॅमेऱ्याची असते. ती फक्त एका दिशेने तोंड केलेल्या पृष्ठभागांवर असेल तर ती प्रकाशाची असते. म्हणून तुलना करताना एका चेहऱ्याच्या उजळ गालाशी दुसऱ्याचा उजळ गाल आणि सावलीशी सावली ताडून पाहावी. या कसोटीने पाहिले तर मुलाखतकाराच्या चित्रातली झाक निम्म्याहून कमी कॅमेऱ्याची होती. तेवढीच काढली.

जांभळी शाल

त्वचा स्थिर झाल्यावर शाल पुढे आली. एफएक्स६ च्या क्लोजअपमध्ये ती निळसर जांभळी होती. गायिकेच्या खांद्यावरून घेतलेल्या सी७० च्या चौकटीत तिची कड वांग्याच्या रंगाकडे झुकलेली दिसत होती. पांढरा जुळला होता, त्वचा जुळली होती, झाडे जवळपास जुळली होती, आणि तरी ही एक वस्तू दोन वेगळ्या दुकानांतून आणल्यासारखी वाटत होती.

कारण सेन्सरच्या पुढे असलेल्या रंगीत गाळण्यांत आहे. प्रत्येक कंपनी लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या कोणत्या तरंगलांबीला किती वाट देतात ते आपल्या परीने ठरवते, आणि कोणत्याही कॅमेऱ्याची संवेदनशीलता मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेशी तंतोतंत बसत नाही. मग कॅमेऱ्यातले किंवा सॉफ्टवेअरमधले तीन बाय तीनचे मॅट्रिक्स ते कच्चे आकडे शक्य तितके डोळ्याजवळ आणते. असे मॅट्रिक्स बहुतेक रंगांसाठी सरासरीने चांगले उतरते, पण एकाच वेळी सर्व रंगांना न्याय देऊ शकत नाही. जांभळा हा वर्णपटाच्या निळ्या आणि लाल अशा दोन टोकांकडून येणारा रंग आहे. तेथे दोन गाळण्यांच्या कडांचा उतार किंचित जरी वेगळा असला तरी लाल-निळ्याचे प्रमाण बदलते आणि रंगाची दिशाच फिरते. त्यात शालीच्या एका भागावर आकाशाचा सलग वर्णपट पडत होता आणि दुसऱ्या भागावर पांढऱ्या एलईडीचा, ज्यात निळ्याचे एक उंच शिखर आणि त्यानंतर दरी असते. एका प्रकाशात जुळलेले दोन कॅमेरे दुसऱ्या प्रकाशात वेगळे होतात ते यामुळेच. आणि म्हणूनच एकदा बनवलेला जुळणीचा लट (एलयूटी, म्हणजे रंगबदलांचा तयार तक्ता) सर्वत्र चालेल असे मानणे धोक्याचे असते.

अशा फरकाला सर्वव्यापी उपाय लागू पडत नाही. ह्यू विरुद्ध ह्यू कर्व्हवर (एकच रंगछटा सरकवणाऱ्या वक्ररेषेवर) जांभळ्याचा अरुंद पट्टा धरून सी७० ची शाल निळ्याकडे सरकवली आणि एफएक्स६ ची अगदी थोडी लालसर केली, म्हणजे दोघांनी मध्ये भेटायचे. पट्टा थोडा रुंद झाला की मुलाखतकाराचे ओठ आणि डोळ्यांखालची छटा त्याबरोबर ओढली जाऊ लागे, म्हणून क्वालिफायरभोवती (रंगावरून केलेल्या निवडीभोवती) खिडकी, म्हणजे दुरुस्तीची सीमा, आखून ती ट्रॅक केली, म्हणजे हालचालीबरोबर सरकवली. खरी शाल कोणत्या रंगाची होती हा प्रश्न येथे गौण होता. गायिकेने ती दुसऱ्या बैठकीलाही आणावी, एवढी विनंती मात्र केली.

तपकिरी झालेला काळा कोट

वाइड शॉटमध्ये मुलाखतकाराचा कोट काळा नव्हता; आकाशाकडच्या बाजूला तो तपकिरी झाला होता. एनडी म्हणजे प्रकाश कमी करणारी गाळणी; एफएक्स६ मध्ये इलेक्ट्रॉनिक एनडी आणि सी७० मध्ये काचेचे एनडी कॅमेऱ्यातच असतात. एस१एच मध्ये अंतर्गत एनडी नाही, त्यामुळे लेन्सपुढे फिरवता येणारा व्हेरिएबल एनडी लावला होता, आणि उघड्या ओसरीत मोठे छिद्र ठेवायचे म्हणून तो बराच गडद केलेला होता.

सिलिकॉनच्या सेन्सरला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण जाणवतात, तर माणसाची दृष्टी साधारण ७०० च्या आसपास संपते. सेन्सरपुढची अवरक्त गाळणी त्यातले बरेचसे अडवते, पण सगळे नाही. एरवी हा गळका अंश दृश्य प्रकाशापुढे नगण्य असतो. परंतु सहा स्टॉपचा एनडी दृश्य प्रकाश चौसष्टाव्या हिश्श्यावर आणतो आणि अवरक्त किरणांना मात्र फारसा अडवत नसेल, तर त्या गळतीचे प्रमाण तुलनेने तेवढ्याच पटींनी वाढते. अनेक काळे रंग आणि कृत्रिम धागे डोळ्याला काळे दिसले तरी अवरक्त किरण परावर्तित करतात. ते सेन्सरच्या लाल घटकात शिरतात आणि काळा तपकिरी होतो. एलईडीतून अवरक्त किरण जवळजवळ निघत नाहीत, म्हणून कोटाची आतली बाजू काळीच राहिली होती. एकाच कोटाच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात हीच या दोषाची खूण.

सावल्यांतली संपृक्तता सरसकट कमी करून पाहिली, तर कोट सुधारला पण शालीच्या घड्यांतला जांभळा राखाडी झाला. शेवटी कोटाभोवती वेगळी खिडकी काढून तेवढ्यातच संपृक्तता उतरवावी लागली, आणि मुलाखतकार पुढे झुकला की ती खिडकी हाताने सरकवावी लागली. दोन ध्रुवीकारकांच्या अशा फिल्टरने आणखी एक फरक केला होता, जो कोणत्याही स्कोपवर दिसत नाही: कपाळावरची आणि पानांवरची चकाकी त्याने खाल्ली होती. क्लोजअपमध्ये गायिकेच्या कपाळावर जिवंत ओल होती, वाइडमध्ये तेच कपाळ पावडर लावल्यासारखे कोरडे. हे ग्रेडिंगने परत आणता येत नाही. क्लोजअपच्या सर्वांत उजळ टोकांना थोडे नरम करून दरी कमी करता येते, आणि तेवढेच केले.

कोणी कोणाकडे यायचे

येथवर प्रत्येक प्रश्नाच्या मागे एकच निर्णय दडलेला होता: आदर्श कोणाला मानायचे? सर्वांत देखणे चित्र एफएक्स६ चे होते आणि निर्मात्याची स्वाभाविक इच्छा अशी होती की इतर दोघांना त्याच्या पातळीवर आणावे. पण ८ बिटमध्ये प्रत्येक घटकाला २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. त्यातही वाइडचे चित्र आधीच शैलीत भाजून निघालेले. त्याला ओढले की आकाशात पट्टे आणि सावल्यांत ठोकळे दिसू लागत. लवचीक चित्राला अलवचीक चित्राकडे नेता येते, उलट नाही.

झाडीवरचा आकाशाचा पट्टा याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. दोन्ही लॉग कॅमेऱ्यांनी त्यातले ढग राखले होते. वाइडमध्ये तो भाग फुटून पांढरा झालेला होता. ढग दाखवले असते तर वाइडवर कट होताच आकाश दिव्यासारखे विझले-पेटले असते. मी क्लोजअपमधले ढग जवळजवळ पांढऱ्यात विरघळू दिले, वरच्या टोकाला सॉफ्ट क्लिप देऊन, म्हणजे ते हळुवारपणे दाबून. सुंदर माहिती जाणूनबुजून सोडणे जड जाते, पण मुलाखत ढगांची नव्हती.

त्याच वेळी सगळेच वाइडच्या पायरीवर उतरवायलाही मी तयार नव्हतो. संकलकाशी बसून असे ठरवले की पहिल्या बैठकीतला वाइड प्रश्नांच्या सुरुवातीला आणि हशाच्या जागी, म्हणजे जेथे दोघे एकत्र दिसणे खरोखर हवे आहे, तेथेच ठेवायचा. वाइडमध्ये चेहरे लहान असतात. तेथे प्रेक्षकाला त्वचेच्या बारीक छटेआधी एकूण कॉन्ट्रास्ट आणि झाक जाणवते. म्हणून वाइडशी एकूण हवा जुळवली आणि दोन्ही क्लोजअपची त्वचा एकमेकांशी काटेकोर जुळवली. ऑटो व्हाइट बॅलन्समुळे ढग येता-जाता वाइडची झाक एकाच शॉटमध्ये सरकत होती. तेथे कीफ्रेम, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या दुरुस्तीच्या खुणा, देत गेलो. त्या कॅमेऱ्यात शार्पनिंगही होते, ते मिडटोन डिटेल थोडे उतरवून आणि तिन्हींवर एकच बारीक ग्रेन (फिल्मसारखे कण) टाकून झाकले. ग्रेनचा दुसरा फायदा असा की ८ बिटचे पट्टे त्यात विखुरले जातात.

दुसरी बैठक

दुसऱ्या बैठकीच्या आधी तिन्ही कॅमेरामन एकत्र बसले. एस१एच व्ही-लॉगवर, १० बिट ४:२:२ मध्ये आणला, ऑटो बंद, कॅमेऱ्यातले शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन शक्य तितके खाली. व्हेरिएबल एनडीच्या जागी अवरक्त किरणही अडवणारे ठरावीक घनतेचे एनडी आले. आयएसओ (संवेदनशीलतेचा आकडा) प्रत्येकाच्या मूळ पातळीवर ठेवला: एफएक्स६ आणि सी७० वर ८००, एस१एच वर ६४०.

एक्स्पोजरबाबत एक प्रामाणिक मतभेद झाला. तिन्ही वेव्हफॉर्मवर (उजळपणाच्या आलेखांवर) ग्रे कार्ड एकाच आकड्यावर आणावे, असा एका कॅमेरामनचा आग्रह होता. माझे म्हणणे असे की कार्ड आपापल्या लॉगच्या आकड्यावर, म्हणजे ४१, ३९ आणि ४२ वर बसवायला हवे, कारण पुढचे गणित तेच गृहीत धरते. या तीन लॉगमध्ये अंतर थोडे असल्याने चूक पाव-अर्ध्या स्टॉपच्या आत राहिली असती; पण सी-लॉग३ असता आणि कार्ड ३४ ऐवजी ४१ वर नेले असते तर जवळपास पाऊण स्टॉपचा फरक पडला असता. लेन्सवरचा एफ आकडा सारखा ठेवूनही भागत नाही, कारण तो छिद्राचे भूमितीय माप सांगतो; काचेतून प्रत्यक्ष किती प्रकाश पोहोचला ते टी आकडा सांगतो. कार्डावरून बसवले की या साऱ्याचा हिशेब आपोआप होतो.

पार्श्वभूमीची धूसरता हाही दिसण्याचाच भाग आहे. एफएक्स६ आणि एस१एच फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचे) आहेत, सी७० सुपर ३५ (त्याहून लहान सेन्सरचा). दृश्यकोन सारखा ठेवून, म्हणजे फुल फ्रेमवर सुमारे ७५ मिलिमीटर आणि सुपर ३५ वर ५० मिलिमीटर लेन्स धरली, तर फुल फ्रेमवर एफ/४ आणि सुपर ३५ वर एफ/२.८ ठेवल्यावर झाडी साधारण सारखी विरघळते. पहिल्या बैठकीत दोघेही एफ/२.८ वर होते आणि गायिकेमागची झाडी मुलाखतकारामागच्या झाडीपेक्षा बरीच मऊ दिसत होती.

व्हाइट बॅलन्स तिघांनी गायिकेच्या खुर्चीत धरलेल्या एकाच कार्डावरून, एकाच वेळी घेतला आणि मग दिवसभर त्याला हात लावला नाही. ढग आला की कोणीतरी पुन्हा घेऊ पाहतो. तिघांनी वेगवेगळ्या क्षणी घेतला तर तीन नवे फरक जन्माला येतात. त्याऐवजी उजेड बदलला की, आणि लेन्स बदलली की, २४ चौकोनांचा कलर चेकर आणि ग्रे कार्ड प्रत्येक कॅमेऱ्यासमोर काही सेकंद धरायचे, असे ठरले. चार्ट धरणाऱ्याला एकच सूचना होती: तो मुख्य प्रकाशाकडे वळवायचा, पण त्याच्यावर चकाकी येईल इतका नाही.

ग्रेडिंगला बसल्यावर तिन्ही चित्रे सामाईक अवकाशात आणली तेव्हा करड्या पट्ट्या जवळजवळ एकमेकींवर बसल्या. सॉफ्टवेअरची चार्टवरून आपोआप जुळणी करण्याची सोय वापरून पाहिली. तिने चौकोन जुळवले, पण सावल्यांत अनपेक्षित झाक आणली, म्हणून तिचे उत्तर आकडे वाचण्यापुरते घेतले आणि प्रत्यक्षात ऑफसेटवर (सर्व पातळ्या एकत्र सरकवणाऱ्या नियंत्रणावर) हाताने छोटी दुरुस्ती केली. कोट या वेळी तिन्हींत काळा होता. शालीचा फरक मात्र गाळण्यांतला असल्यामुळे तसाच होता. पहिल्या बैठकीसाठी बनवलेला ह्यू कर्व्ह दोन्ही क्लोजअपना जवळपास जसाच्या तसा लागू पडला.

दोन बैठका एकमेकांत मिसळताना क्लोजअपचे कट सहज बसले, कारण कॅमेरे, लॉग आणि प्रकाश तेच होते. नवा वाइड जुन्यापेक्षा बराच श्रीमंत होता. त्याचे आकाश आणि कॉन्ट्रास्ट जुन्या वाइडच्या जवळ आणले, त्वचा मात्र क्लोजअपच्या बरोबरीने ठेवली. जुन्या वाइडचा एक शॉट, ज्यात ऑटो व्हाइट बॅलन्स एका वाक्याच्या मध्येच दोनदा पालटला होता, संकलकाने काढून टाकला आणि त्या जागी मुलाखतकाराचा ऐकतानाचा शॉट घातला. जुन्या वाइडमधली शाल शेवटपर्यंत क्लोजअपपेक्षा एक छटा निळी राहिली. ती आणखी ओढली की ८ बिटच्या चित्रात शालीची कड तुटू लागे आणि गायिकेचे ओठ सोबत सरकत, म्हणून ती तशीच ठेवून प्रत सादर केली.